राहा, पण गप्प राहा

पत्र थोडक्यात असं. लिहिणारी २७ वर्षांची, नाशिकची. इंदिरानगरला आई-वडील आणि धाकट्या भावाबरोबर राहते. पुण्यात एम.ए. करताना होस्टेलवर तिच्या खोलीत म्यानमारची, मंडालेची एक मुलगी होती. लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा ही मुलगी तिकडे कॉलेजात होती, मोर्चांत होती. पुढे शिकायला पुण्याला आली. दोन दिवाळ्यांना ती नाशिकला घरी राहून गेली. आईने तिला करंजीची मुरड शिकवली, आणि मंडाले म्हटलं की टिळक आठवणारे बाबा जेवताना तिला दर वेळी त्या तुरुंगाबद्दल विचारायचे. आता तिचं शिक्षण संपलंय, व्हिसाचे थोडे महिने उरलेत, परत जाणं धोक्याचं आहे. फेसबुकवर ती लष्कराविरुद्ध स्वतःच्या नावाने लिहिते. पुढचं ठरेपर्यंत तीन-चार महिने तुमच्याकडे राहू का, असं तिने विचारलं. बाबा तयार झाले, पण अट घातली: आपल्या घरात असेपर्यंत ते लिहिणं बंद. भाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय. आईने आणखी सुचवलं, आधी दहा दिवस इगतपुरीला विपश्यनेला पाठवू, डोकं शांत होईल. लिहिणारीने ही अट मैत्रिणीला व्हॉट्सअपवर कळवली. निळी खूण आली, उत्तर नाही. आज अकरा दिवस झाले. ‘मी तिच्या भल्याचंच सांगितलं. चुकलं का? आता कुणाला दुखवू, आईबाबांना की तिला?’

तू तो निरोप जसाच्या तसा उतरवून पाठवलास, ते बरं केलंस. ‘बाबा हो म्हणाले!! फक्त इकडे आहेस तोवर त्या पोस्ट वगैरे बंद ठेव ना प्लीज. तुझ्याच भल्यासाठी सांगतेय.’ दोन उद्गारचिन्हं, आणि लगेच तो ‘फक्त’. तू आनंदाची बातमी कळवायला बसली होतीस, हे मला दिसतं. पण जरा तिच्या जागी बसून वाच. लष्कराने १ फेब्रुवारी २०२१ ला सत्ता घेतली आणि दोन आठवड्यांत दंडसंहितेत ५०५(क) हे कलम घुसडलं. सरकारविरुद्ध लिहिलं-बोललं की तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे तिकडचं सरकार तिला हेच सांगत होतं, राहा, पण गप्प राहा. ते न ऐकता ती इतक्या लांब आली, आणि ज्या घरात तिने करंज्या केल्या त्या घरातून तेच वाक्य ‘प्लीज’ लावून आलं. अकरा दिवस ती बोलत नाही याचं मला नवल वाटत नाही.

तेव्हा हो, चुकलं. पण तू समजतेस तिथे नाही. घरी ठेवताना अटी घालणं ही चूक नव्हे. घर तुमचं आहे, अटी असणारच. रात्री दहाला दार बंद, सुकटीची चटणी फक्त गॅलरीत, लाइटच्या बिलात वाटा, काय वाटेल ते ठरवा. तुम्ही सौदा केलात छपराचा आणि जिभेचा, तो नको होता.

तू विचारतेस, ‘तिच्या चार पोस्टने लष्कर जाणार आहे का?’ नाही जाणार. तिलाही ते माहीत असणार. पण या प्रश्नात तू धरून चालली आहेस की हे तिचं खूळ आहे, सिगारेटसारखं, पाहुणी असताना बंद ठेवता येईल असं. २ फेब्रुवारीच्या रात्री आठ वाजता यांगूनमध्ये लोक खिडक्यांत, गच्च्यांत उभे राहून भांडी बडवायला लागले. भांडी वाजवून इडापिडा हाकलायची, ही तिकडची जुनी रीत. आपणही त्याच्या आदल्या वर्षी मार्चमध्ये थाळ्या वाजवल्या होत्या, पण आपल्याला वाजवा म्हणून सांगितलं होतं. तिकडे वाजवणाऱ्याला धरून नेण्याची भीती होती. मग ३ मार्चला मंडालेत क्याल सिन ही १९ वर्षांची मुलगी गोळी लागून गेली. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर सगळं ठीक होईल अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. तिने आपला रक्तगट आणि मेल्यावर अवयव दान करा ही इच्छा आधीच लिहून ठेवली होती. तो फोटो जगभर छापून आला. तुझी मैत्रीण तेव्हा त्याच गावात होती, साधारण त्याच वयाची.

ती त्या दिवशी कुठे होती, हे तू कधी विचारलंस का? तुझ्या पत्रात करंज्या आहेत, तिच्या गालांवरचा थनाकाचा, म्हणजे तिकडच्या झाडाच्या सालीचा, लेप आहे, ती मराठी शिव्या कशा हेल काढून देते तेही आहे. हे मात्र नाही. तुला ठपका देत नाही. ज्याचं जे दुखतं ते सोडून आपण बाकी सगळं विचारतो, मीही तेच करते. पण मग दोन वर्षं एका खोलीत काढूनही तिचं लिहिणं आपल्याला खूळ वाटायला लागतं.

एक गोष्ट मैत्रीण म्हणून तू जरूर विचारू शकतेस: तिच्या लिहिण्याचं मंडालेतल्या घरच्यांवर काय येईल? कार्यकर्त्यांची घरं सील केली, ते सापडले नाहीत म्हणून नातेवाइकांना उचललं, असं तिकडे झालेलं आहे. विचार, पण उत्तर ऐकण्यासाठी विचार. ती कदाचित म्हणेल की यापुढे नाव बदलून लिहीन. कदाचित म्हणेल की घरच्यांनीच सांगितलंय, तू थांबू नकोस. यातलं काहीही ऐकायची तयारी नसेल तर तो विषय काढूच नकोस.

आता बाबा. त्यांना भित्रे ठरवून मोकळी होऊ नकोस. १९७५ साली मी सातवीत होते. पंचवटीत आमचा वाडा, समोरच्या दोन खोल्यांत एक मास्तर राहायचे. आणीबाणी आली, मास्तरांना मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली, उचललं आणि नाशिकरोडच्या तुरुंगात ठेवलं. माझे वडील सरकारी नोकरीत. त्यांनी त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, समोर जायचं नाही, त्यांच्या मुलीबरोबर शाळेत जायचं नाही. आईने मान हलवली. आणि दुसऱ्या दिवसापासून मागच्या न्हाणीच्या भिंतीवरून वाटी जायला लागली. कधी कढी, कधी मेथीची भाजी. वाटी रिकामी परत करू नये म्हणतात, म्हणून मास्तरांची बायको ती घासून, आत चिमूटभर साखर घालून भिंतीवर ठेवायची. काही महिन्यांनी साखरेऐवजी तुळशीचं पान यायला लागलं. आई त्या दिवशी वाटी हातात धरून बराच वेळ न्हाणीत उभी होती. दुसऱ्या दिवशी भाजीच्या वाटीशेजारी साखरेची पुडी गेली. वडिलांना हे ठाऊक होतं, हे मला लग्नानंतर कळलं. वाटी जायच्या वेळी ते बरोबर पुढच्या ओट्यावर पेपर उघडून बसायचे. दीड वर्षाने मास्तर सुटले, पेढे घेऊन आले. वडिलांनी पेढा घेतला आणि ‘तब्येत कशी आहे’ एवढंच विचारलं. मास्तरांची मुलगी मात्र माझ्याशी पुन्हा कधी नीट बोलली नाही. वाटी तिच्या आईपर्यंत पोचत होती. शाळेच्या रस्त्याला ती एकटीच होती.

हे अशासाठी सांगितलं की घाबरलेली माणसंसुद्धा काही ना काही करत असतात, फक्त ज्याच्यासाठी करतात त्याला ते दिसत नाही. तुझ्या आईची इगतपुरी ही मला अशीच एक वाटी वाटते. फक्त त्यातली गंमत तिला ठाऊक नसावी. विपश्यना इकडे आणणारे गोएंका गुरुजी मंडालेचेच. १९६२ साली तिकडे लष्कराने सत्ता घेतली, मग उद्योगांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात गोएंकांचे उद्योग गेले. १९६९ ला ते भारतात आले आणि पुढे इगतपुरीचं केंद्र उभं राहिलं. म्हणजे तुझ्या मैत्रिणीच्या गावचं आणि तिच्या दुखण्याच्याही ओळखीचं काहीतरी घाट लागायच्या आधीच आहे. तिला स्वतःला जावंसं वाटलं तर उत्तमच. पण राग घालवायचा उपचार म्हणून धाडू नका. तिथे फोन जमा करावा लागतो; जिच्या घरून कधीही वाईट बातमी येऊ शकते तिच्यासाठी ते दहा दिवस कसे जातील, तेही तिलाच ठरवू दे. आणि शांत मनाची माणसं गप्प बसतात, हा आईचा समज तपासून पाहायला हरकत नाही. २००७ मध्ये म्यानमारमध्ये भिक्खू रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांनी भिक्षापात्रं पालथी धरली होती. लष्करवाल्यांकडून दान घ्यायचं नाही, असा त्याचा अर्थ.

बाबांची भीती एकच मोठी वाटते, कारण गाठोडं बांधलेलं आहे. ते त्यांच्यासमोर सोडून बसा. घाई नसलेल्या वेळी. रविवारी सकाळी मिसळ खाऊन झाल्यावर बसा हवं तर.

पहिली भीती, पोलीस दारात येतील. परदेशी पाहुणी घरी राहिली तर ज्याच्या घरी ती उतरली त्याने २४ तासांत ऑनलाइन नोंद करायची असते. हॉटेलवाले ज्याला सी-फॉर्म म्हणत आलेत तेच हे. साध्या घरांनाही ते लागू आहे. त्याखेरीज तिने स्वतः पत्ता बदलल्याचं परकीय नागरिक नोंदणीच्या पोर्टलवर कळवायचं. पुण्यात विद्यार्थिनी म्हणून तिने ही नोंदणी केलेली असणार, तिला ते नवीन नाही. नोंद केली की ती लपवलेली बाई उरत नाही, तुमच्याकडे राहिलेली पाहुणी होते. बाबांच्या मनातलं चित्र बहुधा लपवलेल्या बाईचंच आहे. दिवाळीत ती येऊन राहिली तेव्हा ही नोंद केली होती का, हेही आठव. केली नसेल तर या वेळी चूक नको. सोसायटीच्या सेक्रेटरींनाही आपणहून सांगा, पुण्याची मैत्रीण आहे, अमुक महिन्यापर्यंत आहे. त्यांना तिचं फेसबुक सांगायची गरज नाही.

दुसरी, भावाची पोलीस भरती. त्याच्या चारित्र्य पडताळणीत बघतात ते त्याचं रेकॉर्ड. रीतसर व्हिसावर असलेली, रीतसर नोंदवलेली पाहुणी घरी होती, यात त्याला लपवण्यासारखं काही नाही. व्हिसा संपूनही ती राहिली आणि तुम्ही बोलला नाहीत, तर मात्र प्रकरण वेगळं होईल, आणि तिथे बाबांचं बरोबर आहे. भावाला या बोलण्यातून वगळू नकोस. त्याच्या नावाने सगळे घाबरतायत आणि त्याला कुणी विचारलेलं दिसत नाही.

तिसरी भीती खरी आहे. परदेशी माणसाने इथे राजकारणात पडलेलं आपल्याकडे चालवून घेत नाहीत. २०१९ च्या डिसेंबरमध्ये मद्रासच्या आयआयटीतल्या एका जर्मन विद्यार्थ्याला निदर्शनांत भाग घेतला म्हणून देश सोडून जावं लागलं होतं. स्वतःच्या देशाबद्दल फेसबुकवर लिहिणं आणि इथल्या रस्त्यावर फलक धरून उभं राहणं यात फरक आहे, आणि रेघ नेमकी कुठे आहे ते वकिलाला विचारायला हवं. ते तिने विचारायचं, तू सोबत जायचं. सीबीएस बसस्थानकाजवळ जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो. सुरुवातीला तेवढं पुरे.

टिळकांचा विषय निघाला तर निघू दे, पण टोमणा म्हणून नको. ‘टिळकांचं कौतुक आणि हिला मात्र गप्प बसवता?’ असं म्हणालीस की बाबा उठून गॅलरीत जातील आणि बोलणं संपेल. १९०८ पासून सहा वर्षं टिळक मंडालेत होते, आणि १९१२ ला सत्यभामाबाई गेल्याची बातमी त्यांना तिथेच कळली. बाबांना हे पाठ असेल. तू फक्त एवढं सांग, की हिचे आईवडील तिकडे आहेत आणि त्यांना काही झालं तर हिलाही ते फोनवरच कळणार आहे. बाकीचं ते स्वतः जोडतील.

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुझ्या पत्रात धूसर आहे: तिचा व्हिसा नेमका कुठल्या तारखेला संपतो? आणि पासपोर्ट? ‘थोडे महिने’ हे उत्तर नव्हे. आपल्या देशाने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. म्हणून मुदत संपायच्या आत जे करायचं ते करावं लागतं. पुढच्या अभ्यासक्रमाला किंवा पीएचडीला प्रवेश मिळाला तर विद्यार्थी व्हिसा पुढे नेण्यासाठी अर्ज करता येतो. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांचं कार्यालय दिल्लीत आहे, म्यानमारचे लोक तिथे नोंदणी करतात. मे २०२१ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने तिकडून पळून आलेल्या सात जणांना, त्यांत पत्रकारही होते, या कार्यालयापर्यंत सुखरूप जाऊ द्या असा आदेश दिला होता. पण तिथलं कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, हे दोघींनी लक्षात ठेवा. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर तिच्या देशाच्या दूतावासात जाण्याआधी वकिलाशी बोला. जायचं की नाही हा निर्णय तिचा. ती स्वतःच्या नावाने लिहिणारी आहे. ‘परत जा, बघू काय होतं ते’ असं कुणी सहज म्हटलं तर एवढं सांग की फेब्रुवारी २०२४ मध्ये तिकडे सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा अमलात आणला आणि १८ ते २७ वयाच्या स्त्रियाही त्यात येतात. स्त्रियांना इतक्यात बोलावणार नाही, असं तेव्हा सरकार म्हणालं होतं. त्या ‘इतक्यात’वर कुणी जावं?

कागदांचं अजून एक. बर्मी माणसाला आडनाव नसतं, आणि आपले निम्मे फॉर्म आडनावाशिवाय पुढे सरकत नाहीत. होस्टेलच्या दाखल्यावर एक, बँकेत दुसरं, असं तिचं नाव पसरलेलं असण्याची शक्यता भरपूर. पासपोर्टवर आहे तसं सगळीकडे करून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण त्यासाठी तिला नाशिकला यायचीही गरज नाही, तू एका शनिवारी पुण्याला जाऊन बसलीस तरी होईल.

पैशाची मदत करायची झाली तर तिच्या इथल्या खात्यात, तुझ्या खात्यातून, सरळ. तिकडे पैसे पाठवायला लोक हुंडीचा रस्ता धरतात (शब्दही तोच आहे, हुंडी). तुझ्या खात्यातून फिरवून दे असं कुणीही म्हटलं, अगदी तिच्या ओळखीतल्याने म्हटलं, तरी नाही म्हण. पुण्यातल्या अफगाण मुलामुलींबद्दलही मला अशी पत्रं आलेली आहेत, आणि चांगल्या मनाने मदत करणारा अडकतो तो बहुतेक याच ठिकाणी.

आणि समजा, सगळं बोलूनही बाबा म्हणाले की नाही, घरात नको. तर नाही. ते तिला सरळ सांग. वर्किंग विमेन्स होस्टेल बघ, पुण्यात एखादी खोली बघ, डिपॉझिटला हातभार लाव. पाहुण्यांसाठी दार उघडणाऱ्यांची मोठी उदाहरणं आहेत. मिझोरममध्ये २०२१ पासून तीस हजारांहून जास्त म्यानमारवासी आले आणि लोकांनी त्यांना आपले सोयरे म्हणून सामावून घेतलं. पण तिथे नातं आधीचं होतं, गावंच्या गावं पाठीशी होती. तुमच्या टू बीएचकेला त्या मापाने मोजू नकोस. ‘जमत नाही’ हे ती समजून घेईल. गेली पाच वर्षं ती त्याहून वाईट ऐकत आली आहे.

तिला लिहायचं ते असं काहीतरी: ‘त्या दिवशी मी अट घातली, ती मागे घेते. तू काय लिहायचं ते तू ठरव. आमच्याकडे जमेल का हे अजून माहीत नाही, घरी बोलून शुक्रवारपर्यंत नक्की सांगते. तुझा व्हिसा कुठल्या तारखेला संपतो?’ बास. ‘भल्यासाठी’ आणि ‘काळजीपोटी’ हे शब्द घालू नकोस. उद्गारचिन्हंही नकोत. व्हॉट्सअपवर नको वाटलं तर ती ज्या अॅपवर तिकडच्या लोकांशी बोलते ते तिला विचारून घे, आणि हे प्लीज फोनवरून वाचून दाखवू नकोस. तिला एकटीला वाचू दे. उत्तराला आणखी अकरा दिवस लागले तर लागू देत. शुक्रवार मात्र तू पाळायचास.

आणि एक काम आजच रात्री कर. गेल्या दिवाळीचा तुमचा सगळ्यांचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर आहे, तिच्या पूर्ण नावासकट, असं तू कौतुकाने लिहिलंयस. तो ज्याने टाकला त्याला तो काढायला सांग.